वहिनी गोलात उभी राहिली तेव्हा

देशासाठी सगळ्यांत जास्त गोल केलेल्या बाईनं आपल्या कामाविषयी चार पानं लिहावीत, असं या अंकाच्या संपादकांचं म्हणणं पडलं. गोलांचा आकडा मी इथं देत नाही. खरा आकडा कागदोपत्री आहे, पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दर सत्काराला तो थोडा वाढतो, आणि वाढवणाऱ्यांचं मन मोडायला मला आवडत नाही. चिखलीला एका स्वागताध्यक्षांनी माझं शतक पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि वर बॅट उगारलेला माणूस असलेली ट्रॉफी माझ्या हातात दिली. मी ती हसतमुखानं घेतली. बॅट उगारलेली अशी तीन माणसं सध्या आमच्या घरात टीव्हीवर उभी आहेत.

ज्यांना फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी आधी माझं काम सांगते. मी स्ट्रायकर, म्हणजे संघात सगळ्यांत पुढं उभी राहणारी. लोकांना वाटतं की ही बाई दीड तास बॉल मारत असेल. प्रत्यक्षात बॉल माझ्या पायाशी मिनिट-दोन मिनिटं असतो. उरलेला वेळ मी पळते, थांबते, नको तिकडं पळून दाखवते आणि समोरच्या दोघी-तिघींच्या कोपरांचे दणके बरगड्यांत खाते. एवढं करून एकदा कधीतरी बॉल समोर येतो, आणि त्या क्षणी गोलकीपरचा भार कोणत्या पायावर आहे ते बघून दुसऱ्या बाजूला मारायचं असतं. हे ज्याला जमलं त्याचा सत्कार होतो. ज्या पोरीनं जिवाच्या आकांतानं तो बॉल मला दिला, तिचा होत नाही. यात न्याय नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि तरी मी सगळ्या शाली घेतल्या.

विक्रमाला एकच गोल कमी होता तेव्हा माझा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं आणि मी सहा महिने उंद्रीला, आमच्या घरी राहिले. माझं वय एकतीस. आमच्या धंद्यात हे वय म्हणजे पुढच्या वेळी बघू असं कोणी म्हणालं, की आपण आवराआवर करायला घ्यावी.

घरी आई, दादा आणि वंदना वहिनी. वहिनी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण नणंद म्हणून मला ‘ताई’ आणि ‘तुमी’ म्हणायची. त्या सहा महिन्यांत अख्खं गाव गुडघा बघायला आलं. बघून कोणाचं समाधान होत नसे, दाबून बघावं लागे. एकानं तर बैलाच्या पायाला लावायचं औषध आणलं आणि बैल कसा महिन्याभरात नांगराला चालू लागला ते तासभर सांगितलं. या प्रत्येकाला चहा वहिनीनं केला. माझी अंडी वेगळी, मोड आलेली मटकी वेगळी, शेकायचं पाणी वेगळं. मी पलंगावरून आवाज द्यायची आणि वहिनी यायची. बोलायची मात्र कमी. घरात भांडी आपटल्याचा आवाज वाढत गेला, तो मला ऐकू येत होता. मी त्याचा अर्थ लावला नाही.

चालायला लागल्यावर मी अंगणात भिंतीवर बॉल मारायला सुरुवात केली. दिवस कुरडयांचे होते. वहिनी बाजेवर वाळवण घालून शेजारी डाळ निवडत बसायची. माझा बॉल भिंतीवरून उडून बाजेकडं गेला, की ती सूप मांडीवरून न हलवता एका हातानं तो अडवायची आणि परत फेकायची. डोळे डाळीतल्या खड्यांवरच. दोन महिन्यांत एक कुरडई मोडली नाही. मला त्यात एवढंच दिसलं की वहिनी बॉल जरा जोरात परत फेकते.

डॉक्टरांनी पाय मोकळा केला होता, मी केला नव्हता. मी सगळं डाव्या पायानं मारत होते. उजवा नुसता सोबतीला ठेवला होता. अशात निरोप आला की संघाचे फिटनेस तपासणारे सर नागपूरला कोणाला तरी बघायला येत आहेत आणि परतीच्या वाटेवर एक संध्याकाळ माझ्यासाठी ठेवली आहे. त्यांना मी पूर्ण सामन्यात, अंगावर येणाऱ्या खेळाडूंसमोर खेळताना दिसायला हवी होते. अहवाल दुसऱ्या दिवशी जाणार होता. त्यात नाव आलं तर शिबिर आणि विक्रम, नाही आलं तर उंद्री. सामन्याची व्यवस्था तुम्हीच करा, असंही निरोपात होतं, आणि ते वाचून माझे चुलते, आबाकाका, उभेच राहिले.

आबाकाकांनी हरभरा निघालेलं आपलं वावर दिलं. त्यावर दोन दिवस रोलर फिरवला. तुषार सिंचनाचे पाईप जोडून गोलाचे खांब झाले, आणि देऊळगाव राजाहून साडूकडचं जुनं शेडनेट आणून मागं जाळी म्हणून बांधलं. माझ्या बाजूनं चिखलीच्या कॉलेजातल्या दहा मुली, समोर उंद्रीचे अकरा पोट्टे. त्यांच्या गोलात आबाकाकांचा संतोष. संतोष क्रिकेटमध्ये विकेटकीपर, म्हणून त्याच्याकडं हातमोजे होते. पंच म्हणून शाळेतले निवृत्त गुरुजी. त्यांनी आदल्या दिवशी नियम पाठ केले होते, पण पुस्तक खो-खोचं होतं. माइकवर नामदेवभाऊ, जे शंकरपटाच्या शर्यतीत धावत्या बैलजोड्यांचं वर्णन करतात. सगळा गाव बांधावर बसला. सर खुर्चीवर, मांडीवर वही.

सामना सुरू झाला. पहिला बॉल माझ्याकडं आला आणि मी पळाले. समोरचे दोघं बाजूला झाले. मला वाटलं, चकवा आहे. पुढं गेले. तिसरा तर चक्क मागं सरकून ‘या’ म्हणाला. गोलासमोर पोचले तेव्हा संतोष खांबाला टेकून उभा होता, एक हात जाळीकडं करून, पंगतीत पाहुण्याला पाट दाखवावा तसा.

“या ताई,” तो म्हणाला.

बॉल जाळीत गेला. नामदेवभाऊ ओरडले, “सुटली! सुटली जोडी! एकच नंबर!”

दुसरा गोल असाच झाला. तिसऱ्याला एक पोट्टा माझ्या वाटेत चुकून आला, तर आबाकाकांनी बांधावरून त्याला नाव घेऊन हाकललं. चौथ्या वेळी मी मुद्दाम बॉल त्यांच्या पायात दिला. त्यांनी तो पुसून मला परत दिला.

अर्धा खेळ झाल्यावर सरांनी मला बोलावलं. ते केरळकडचे, हिंदी सावकाश आणि नीट बोलायचे.

“मैं क्या लिखूँ?” ते म्हणाले. “आपको किसी ने छुआ तक नहीं. दायाँ पैर आपने उठाया नहीं. ये मैच नहीं है.”

“सर, सेकंड हाफ देखिए.”

“अगर यही चला तो मैं लिखूँगा, जाँच नहीं हो पाई. लिस्ट कल जाएगी. अगली बार देखेंगे.”

मी तशीच मैदानाच्या मधोमध गेले आणि गावावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. काय चाललंय हे, म्हणून विचारलं.

आबाकाकांना खरोखरच समजेना. “काऊन, काय झालं? माहेरवाशीण हायेस तू. गावातून जाऊन राह्यली. तुले काय रिकाम्या हातानं धाडतीन काय लोकं?”

“काका, गोल म्हणजे काय ओटीतला खण-नारळ आहे?”

“असंच समज.”

आईनं बायकांच्या घोळक्यातून आवाज दिला. “अवं घे नं! देऊन राह्यले तं घे! नाही म्हनू नये.”

मी संतोषकडं वळले. हात जोडले. “संतोष, एक बॉल अडव. एकच.”

“ताई, तुमच्या गुडघ्याले लागलं तं काकू मले जेवाले बोलावन काय पुन्हा? मले जमत नाही.” त्याचे डोळे भरून आले होते. तो माझ्यापेक्षा जास्त दुःखी दिसत होता.

एवढं प्रेम अंगावर आलं आणि मला रडू फुटायचंच बाकी होतं. राग कोणावर काढावा? सगळं गाव माझ्या बाजूनं उभं होतं, आणि मी त्यामुळंच बुडत होते. मला एक असं माणूस हवं होतं ज्याला माझ्याविषयी अजिबात माया नाही. तेव्हा सरबताची बादली घेऊन वहिनी समोरून आली. मी ग्लास घ्यायला हात पुढं केला, आणि तिनं तो असा दिला की अर्धं सरबत माझ्या मनगटावर सांडलं.

“वहिनी, गोलात उभ्या राहा.”

“मी? मी काऊन?”

“तुम्हाला माझा राग येतो म्हणून.”

दादा जवळच उभा होता, त्यानं एकदम आभाळाकडं बघितलं.

वहिनीनं बादली खाली ठेवली. “येते,” ती म्हणाली. “लय येते. सहा महिने झाले. एक दिवस तुमी म्हनलं नाही का वहिनी, तुमी जेवल्या का.”

“मग काढा सगळा. पण एकही गोल देऊ नका.”

“द्याचा तं सवालच नाही,” वहिनी म्हणाली आणि पदर खोचला.

गुरुजी पुस्तक उघडून आले. पुरुषांच्या संघात बाई चालते का, हे खो-खोत लिहिलेलं नव्हतं. सरांनी खुर्चीवरूनच हात हलवला, चालू करा म्हणून. संतोषनं हातमोजे पुढं केले. वहिनीनं एक घालून बघितला आणि काढून फेकला. “ह्याच्यात बोटंच समजत नाहीत,” ती म्हणाली आणि मोकळ्या हातांनी पाईपांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

नामदेवभाऊंनी माइक फुंकला. “आता गोलात उभी राह्यली आपल्या गावची सून!”

आणि इथं एक गोष्ट घडली जी माझ्या हिशेबात नव्हती. गावच्या लेकी आपापल्या सासरी असतात. बांधावर बसलेल्या सगळ्या बाया त्या गावच्या सुना होत्या. इतका वेळ त्या डोक्यावरचा पदर सांभाळत माझ्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. सून म्हटल्यावर त्यांतली एक उठली, मग दुसरी, मग अख्खा बांध उठला. “वंदे, सोडू नको! येऊ देऊ नको अंदर!” मी किती देशांत खेळले, प्रेक्षक माझ्या विरुद्ध ओरडताना ऐकले, पण तो आवाज वेगळा होता. त्यात माझ्यापुरतं काही नव्हतं. कित्येक नणंदा होत्या त्यात.

पोट्टेही बदलले. ताईला बॉल द्यायचा हे ठीक होतं, पण आता तो सुटला तर वहिनीला लागणार. वहिनीला लागू द्यायचं नाही, असं ठरलं, आणि पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बरगडीत कोपर मारलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मी डाव्या पायानं पहिला मारला, जमिनीलगत, कोपऱ्यात. वहिनी तिथं होती. दुसरा वर मारला. वहिनी वर होती. तिसऱ्याला मी डावीकडं बघितलं आणि उजवीकडं मारला. ही माझी जुनी युक्ती, मोठमोठ्या गोलकीपर त्यात फसल्या आहेत. वहिनीनं तो छातीशी धरला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “खोटं करतानी भुवई वर जाते तुमची. घरीबी जाते.”

सरांनी खुर्ची सोडली होती. ते आता रेषेवर उभे होते. दादा दोन्हीकडं टाळ्या वाजवून थकला होता आणि शेवटी कोणाच्याच बाजूनं न वाजवता नुसता उभा राहिला. आईला एकदा माझं नाव घेताना ऐकलं, एकदा वहिनीचं.

किती मारले ते मोजले नाहीत. वहिनीचं कोपर फुटलं. हरभऱ्याची खुंटं रोलरनं काही सगळी बसली नव्हती, तरी ती त्यावर झोकून देत होती. एका हाताची दोन बोटं सुजलेली मला दिसत होती. एक बॉल अडवून तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि पुढं फेकेचना. माझ्याकडं दोन पावलं आली.

“उजव्यानं माराना!” ती ओरडली. “तो काय देव्हाऱ्यात ठेवाले ठेवला? शेकून शेकून माह्ये हात भाजले त्या पायापायी! मंग मारता कव्हा?”

नामदेवभाऊंनी माइक खाली केला. मला भीती वाटत होती, हे मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि तिला ते केव्हाच माहीत होतं.

शेवटची काही मिनिटं होती. चिखलीच्या एका मुलीनं दोघांच्या मधून बॉल दिला. तो माझ्या उजव्या पायावर आला. डाव्यावर घ्यायला वेळ होता, मी तसा नेहमीच काढते. वहिनीचे डोळे बॉलवर नव्हते, माझ्या तोंडावर होते. मी भुवयांचा विचार सोडला, गुडघ्याचाही सोडला आणि उजव्या पायानं जीव खाऊन मारला. वहिनीनं अंग फेकलं. बॉल तिच्या त्याच सुजलेल्या बोटांना घासून शेडनेटमध्ये गेला आणि शेडनेट पाईपांसकट मागं पडलं.

टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हे कोणाला कळेना. मी गुडघा धरून बसले होते, तो दुखत नव्हता म्हणून. वहिनी उठली, लुगड्याची माती झटकली आणि जाळीतून बॉल काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

“हा म्या देला नाही,” ती म्हणाली. “हा तुमी घेतला. आता जा.”

त्याच पायानं पुढं विक्रमाचा गोलही झाला. मोठं मैदान, दिवे, गळ्यात पडणाऱ्या मुली, सगळं झालं. त्याविषयी मला नेहमी विचारतात आणि मी आवडीनं सांगते. पण संपादकांनी खरं काय ते लिहा म्हटलंय, म्हणून त्या संध्याकाळचं उरलेलं लिहिते.

सर वही घेऊन मैदानात आले. मला म्हणाले, “दायाँ पैर ठीक है. कैंप में मिलते हैं.” मी आभार मानायच्या आत ते माझ्या शेजारून पुढं निघून गेले. वहिनी पडलेल्या पाईपांपाशी बसून कोपराचं रक्त पदरानं टिपत होती. सरांनी तिची बोटं हातात न घेता वाकून बघितली, आणि मग वहीचं नवं पान काढलं.

“उमर?”

“तेहतीस.”

सरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तिथंच थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं.

“पहले कहाँ खेली हैं?”

वहिनीनं मान हलवली, कुठंच नाही म्हणून.

“तो इतने साल कहाँ थीं आप?” सरांनी विचारलं. ते रागावल्यासारखे वाटले, कोणावर ते कळलं नाही.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. सहा महिन्यांचा राग तोंडावर कुठं नव्हता. “इथंच तं होती,” ती म्हणाली. “ताईच्याच घरात.”

सरांना मराठी येत नव्हतं. ते माझ्याकडं वळले. “क्या कहा इन्होंने?”

मी एवढे गोल केलेली बाई. मला मान वर करता येईना. लाज वाटत होती, खरी लाज, आणि तरी जे निघालं ते हेच निघालं.

“घर पे थीं, सर,” मी सांगितलं.

कोणाच्या घरी, ते मी सांगितलं नाही. वहिनीला हिंदी चांगलं कळतं.